कानउघाडणी

टिल्लूची उंची सहा फुटांना चार बोटं कमी होती. नाव तान्हेपणी पडलेलं. ती वाढली, नाव तेवढंच राहिलं. सव्विसाव्या वर्षी या बाईने एकाच महिन्यात दोन ठिकाणी नाव घातलं. विद्यापीठात पीएचडीला आणि पाणबुड्यांच्या शाळेत वरच्या वर्गाला. ती राहायची आत्याकडे. आत्याने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे टोमणासुद्धा ती पायरी न चुकवता मारायची. बातमी ऐकून तिने भाजी चिरता चिरता, वर न बघता विचारलं, "म्हणजे आठवड्यातले पाच दिवस पुस्तकात बुडायचं आणि दोन दिवस पाण्यात. कोरडी कधी असणार गं तू?"

टिल्लू ताटं मांडायला लागली. आत्याच्या प्रश्नांना उत्तर दिलं की पोटप्रश्न येतात हे तिला ठाऊक होतं.

पाणबुड्यांचा साधा वर्ग तिने दोन वर्षांपूर्वीच पुरा केला होता. आताचा वर्ग बचावाचा होता. यात स्वतः खाली जाऊन येणं पुरत नाही, खाली घाबरलेल्या किंवा बेशुद्ध पडलेल्या माणसाला वर आणावं लागतं. शाळा म्हणजे जुन्या दगडखाणीत साठलेलं खोल तळं, काठावर पत्र्याची शेड आणि उस्ताद. उस्तादांनी उमेदीची वर्षं बोटींच्या बुडाला पाण्याखाली वेल्डिंग करण्यात घालवली होती. तिथे बोलायची सोय नसते, म्हणून की काय, जमिनीवरही ते शब्द जपून वापरत.

विद्यापीठातल्या मॅडम शब्दांवरच जगत. त्यांचा विषय ध्वनिशास्त्र. माणूस 'ध' म्हणतो तेव्हा नक्की काय म्हणतो आणि ऐकणाऱ्याला नक्की काय ऐकू येतं, यात त्यांची हयात गेली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी टिल्लूला सांगितलं, "पीएचडीचं पहिलं वर्ष हे लग्नाच्या पहिल्या वर्षासारखं असतं. इकडेतिकडे बघायचं नाही." आणि पहिल्या सहा महिन्यांत पटलं नाही तर विद्यार्थ्याचं नाव काढून टाकायचा अधिकार मॅडमना होता, हे छापील नियमांत सातव्या कलमात लिहिलं होतं. टिल्लूने ते कलम चारदा वाचलं आणि तळ्याची गोष्ट मॅडमना सांगायची पुढे ढकलली. आधी पुढच्या सोमवारवर, मग त्याच्या पुढच्या.

गंमत अशी की दोन्ही गुरूंना हवा होता तिचा कान. माणूस पाण्यात खाली जाऊ लागला की पाणी कानाच्या पडद्यावर रेटा देतं. मग नाक चिमटीत धरून हळूच आतून फुंकायचं, कानात 'टक' होतं आणि कान उघडतो. उस्ताद दर दोन मीटरवर स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून विचारत: कान? आपण मान डोलवायची. नसेल उघडला तर तळहात आडवा धरून हलवायचा: नाही. हे ऐकून आत्याने हिशेब मांडला होता, "मॅडम पाच दिवस कानउघाडणी करतात, उस्ताद दोन दिवस. इतके उघडे कान आमच्या घराण्यात कुणाचे नव्हते."

उस्तादांचा आणखी एक नियम होता. कुणीही, केव्हाही, कारण न सांगता 'आज मी खाली जात नाही' म्हणू शकतो. त्याला कुणी 'का' विचारायचं नाही, चिडवायचं तर मुळीच नाही. जो विचारेल त्याने त्या दिवशीचे सगळे सिलिंडर शेडमध्ये उचलून न्यायचे. वर्गातल्या सगळ्यांनी हा नियम कधी ना कधी वापरला होता. फक्त टिल्लूने नाही. 'नाही' हा शब्द तिच्या तोंडात बसतच नसे. लहानपणी तिला कुणी चौथी पोळी वाढली तरी ती खायची आणि मग पोट धरून बसायची.

त्या रविवारी तिला सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, आवाज घोगरा. पण पुढच्या शनिवारी बचावाची शेवटची परीक्षा होती, आणि त्यानंतर तळ्याचं पाणी गढूळ होऊन सहा महिने हातभर अंतरावरचंही दिसत नसे. म्हणजे परीक्षा आता, नाहीतर थेट अर्ध्या वर्षाने. सरावाला ती उतरली. सहा मीटरवर उस्तादांनी विचारलं: कान? डावा उघडला नव्हता. टिल्लूने मान डोलावली. आणखी चार मीटर गेली, दुखलं, जोरात फुंकलं, आणखी दुखलं. वर आली तेव्हा डाव्या कानात कुणीतरी कापसाचा बोळा कोंबून ठेवल्यासारखं झालं होतं आणि उजव्याचंही फार बरं चाललेलं नव्हतं.

सोमवारी त्याच कानांनी ती मॅडमच्या खोलीत जाऊन बसली.

मॅडम तत्त्व म्हणून हळू बोलत. ऐकणाऱ्याने कान द्यावा, बोलणाऱ्याने घसा का द्यावा, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी मॅडमचे ओठ हलताना दिसत होते, शब्द मात्र लांबच्या खोलीतून आल्यासारखे येत होते. 'काय म्हणालात?' असं विचारायला टिल्लूची जीभ रेटेना. ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थिनीने ऐकू येत नाही म्हणणं म्हणजे सोनाराने दिसत नाही म्हणण्यातला प्रकार. ती आपली मान डोलवत राहिली. मधेच कान जरा मोकळा होईल या आशेने सवयीने नाक चिमटीत धरून तिने फुंकलंही.

मॅडम बोलायच्या थांबल्या.

"माझ्या बोलण्याला वास येतोय का?" त्यांनी विचारलं. हे मात्र स्पष्ट ऐकू आलं, कारण हे त्या मोठ्याने म्हणाल्या.

"नाही नाही, मॅडम! सवय आहे."

"कुणी बोलायला लागलं की नाक धरायची?"

"म्हणजे... विचार करताना."

"कमाल आहे," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा आवाज खाली आणून बोलू लागल्या. टिल्लूच्या कानांपर्यंत पोचलं ते असं: "शनिवारी दहा वाजता... घरी... ये, पहिल्या प्रकरणाचा आराखडा घेऊन. चालेल ना?"

शनिवार! साडेअकराला तळ्यावर परीक्षा.

"चालेल, मॅडम," ती म्हणाली.

मंगळवारी तिने प्रयोगशाळेत बसून चाळीस माणसांची रेकॉर्डिंग ऐकली. प्रत्येकाने 'सुरीला धार लाव' हे वाक्य म्हटलं होतं आणि टिल्लूने प्रत्येकापुढे नोंद करायची होती, 'ध' नीट आला की त्यातला 'ह' गळून नुसता 'द' उरला. चाळीसपैकी एकतीस जण चक्क 'दार' म्हणत होते! टिल्लूने हेडफोन कानांवर दाबून तीन-तीनदा ऐकलं. दार, दार, दार. लोक इतक्या सर्रास 'ह' खातात हे कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. पीएचडीच्या दुसऱ्याच महिन्यात आपल्या हाती घबाड लागलं म्हणून ती हरखून गेली. बुधवारी सकाळी तिने तो कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला, खाली लाल शाईने दोन रेघा मारून. मॅडम त्यावर काहीच बोलल्या नाहीत. टिल्लूला वाटलं, मोठी माणसं मोठ्या गोष्टीवर लगेच बोलत नसतील.

उरला शनिवार. गुरुवारी तिने आत्याला सगळं सांगितलं.

"मॅडमना सांग की परीक्षा आहे," आत्या म्हणाली.

"त्या विचारतील, कसली परीक्षा."

"मग सांग पाण्यातली."

"मग त्या म्हणतील, आधी का नाही सांगितलंस."

"बरोबरच म्हणतील. तू कशाला आधीच त्यांची बाजू मांडतेस? त्यांना पगार आहे त्याचा."

टिल्लूला हसू आलं नाही. तिला ती परीक्षा फार हवी होती. का ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पीएचडीत ती रोज चाचपडत होती; उगाच कुणाची जागा अडवून बसलोय असं तिला वाटायचं. तळ्यात मात्र दहा मीटर खाली, हातात दुसऱ्या माणसाचं वजन घेऊन वर येताना आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत हे तिला पक्कं ठाऊक असायचं. तरीही सातवं कलम जड ठरलं. तिने उस्तादांना फोन लावला, उजव्या कानाला.

"उस्ताद, शनिवारी मी खाली जात नाही."

"बरं," उस्ताद म्हणाले.

टिल्लू वाट बघत राहिली. त्यांनी 'का' विचारलं असतं तर तिने सगळं ओकून टाकलं असतं, रडलीही असती. पण नियम म्हणजे नियम. उस्तादांनी फोन ठेवला.

शनिवारी बरोबर दहा वाजता आराखड्याची फाइल छातीशी धरून तिने मॅडमच्या घराची घंटा वाजवली. दार उघडलं ते एका अनोळखी बाईने, असं तिला क्षणभर वाटलं. डोक्याला फडकं, अंगात मळका ढगळ शर्ट, हातात ब्रश आणि नाकाच्या शेंड्यावर पिवळा ठिपका.

"तू?" मॅडम म्हणाल्या.

"दहा वाजता बोलावलं होतंत."

"मी? अगं, मी म्हटलं, शनिवारी दहा वाजता रंगाला सुरुवात करणार आहे, तेव्हा तो दिवस सोडून घरी कधीही ये. तू 'चालेल' म्हणालीस. चांगलं ठणकावून म्हणालीस."

टिल्लू दारातच खाली बसली. उंच माणूस असा अचानक खाली बसला की बघणाऱ्याला धस्स होतं. मॅडमनी ब्रश डब्यात टाकला आणि त्याही शेजारी पायरीवर टेकल्या. मग टिल्लूने पहिल्यापासून सगळं सांगितलं. तळं, सर्दी, कान, सहा मीटरवर डोलावलेली मान, नाकाची चिमटी, परीक्षा, उस्तादांचं 'बरं'. मोठमोठ्याने सांगितलं, कारण तिला स्वतःचा आवाजही धड ऐकू येत नव्हता. समोरच्या घरातला माळी पाइप बंद करून ऐकत उभा राहिला.

मॅडम बोटांवर वार मोजू लागल्या.

"म्हणजे मंगळवारी," त्या सावकाश म्हणाल्या, "ती चाळीस रेकॉर्डिंग तू याच कानांनी ऐकलीस?"

आता कुठे टिल्लूच्या डोक्यात उजेड पडला. एकतीस माणसांनी काहीच खाल्लेलं नव्हतं. सगळे 'ह' तिच्या चोंदलेल्या कानात अडकून पडले होते. "अगं बाई!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"अगं बाई काय? मी तीन दिवस ते मशीन तपासतेय! बुधवारी वायर बदलली, गुरुवारी हेडफोन बदलले, काल दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो बिचारा म्हणाला, मशीन ठणठणीत आहे, तुम्हीच जरा विश्रांती घ्या. ऐकू येत नाही म्हणायला तुला काय झालं होतं? तोंडाला कुलूप लावलं होतं? ऐकू न येता 'हो' म्हणणारी मुलगी घेऊन मी काय करू? आणि पोहायला जातेस हे लपवायचं काय कारण? मी काय गिळणार होते तुला?"

"पोहणं नाही, मॅडम. पाण्याखाली उतरणं."

"मधे बोलू नकोस!"

माळ्याने पाइप पुन्हा सुरू केला. इतकं मोठ्याने बोलताना मॅडमना त्याने कधी ऐकलं नव्हतं, आणि टिल्लूनेही. पण गेल्या रविवारनंतर मॅडमचा शब्दन् शब्द तिला पहिल्यांदाच ऐकू येत होता, त्यामुळे बोलणी खातानाही तिला आतून बरं वाटत होतं.

दम लागल्यावर मॅडमनी घड्याळ बघितलं. "किती वाजता आहे म्हणालीस?"

"साडेअकरा. पण मी नाही म्हणून कळवलंय."

"मग आता हो म्हणून कळव. गाडी काढते. भिंत काही पळून जात नाही."

"तुम्ही कपडे..."

"पाण्यात कोण बघतंय?"

रस्ताभर मॅडम गाडी चालवत होत्या आणि लाल दिव्याला शेजारच्या गाड्यांतली माणसं त्यांचं पिवळं नाक न्याहाळत होती. टिल्लूला ते सांगायचा धीर झाला नाही. ती खिडकीकडे तोंड करून हळूहळू गिळत होती, जबडा हलवत होती. उजवा कान 'टक' म्हणाला. डावा ढिम्म.

तळ्यावर बाकीच्यांच्या परीक्षा उरकल्या होत्या, टिल्लूची तेवढी उरली होती. परीक्षेत बेशुद्ध पडायचं काम वर्गातल्या एका जाडजूड पोस्टमास्तरांकडे होतं. त्यांना सगळे 'भोपळा' म्हणत, आणि ते बेशुद्ध इतके मन लावून पडत की एकदा खरंच झोप लागली होती असं म्हणतात. उस्तादांनी टिल्लूकडे पाहिलं, तिच्या मागच्या पिवळ्या नाकाच्या बाईंकडे पाहिलं आणि काही न विचारता हजेरीत तिच्या नावापुढची फुली खोडली.

टिल्लूने पोशाख चढवला. सिलिंडर पाठीवर घेतला. काठावर उभी राहिली तेव्हा उस्ताद समोर आले आणि स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं.

टिल्लूने नाक धरलं. फुंकलं. उजवा उघडला. डावा नाही.

तिने मागे पाहिलं. मॅडम दगडावर उभ्या राहून, टाचा उंचावून बघत होत्या. रंगाचं काम अर्धवट टाकून या बाई चाळीस मिनिटं गाडी हाकत आल्या होत्या. भोपळा पाण्यात उताणा तरंगत वाट बघत होता. एकदाच तर मान डोलवायची होती. दहा मीटर, चार मिनिटं. सहा महिने वाचले असते.

पण खाली कान फाटला, डोकं गरगरलं, तर भोपळ्याला कोण आणणार वर? आणि तिला कोण?

टिल्लूने तळहात आडवा धरला आणि हलवला. नाही.

"बरं," उस्ताद म्हणाले आणि हजेरीत पुन्हा फुली मारली.

"अगं, पण का?" मॅडम दगडावरून ओरडल्या. "एवढं आणलं मी तुला..."

तळ्यावरच्या सगळ्या माना मॅडमकडे वळल्या. भोपळ्यानेही बेशुद्धीतून मान वर केली. उस्तादांनी शेडकडे हात दाखवला आणि त्यांच्या मानाने पुष्कळ लांबलचक वाक्य बोलले, "बाई, आमच्याकडे असं विचारणाऱ्याने सिलिंडर उचलायचे असतात. अकरा आहेत."

मॅडमनी अकराच्या अकरा सिलिंडर नेले, एकेक करून, दोन्ही हातांनी मिठी मारून. टिल्लू मदतीला पुढे झाली तर उस्तादांनी तिला डोळ्यांनीच बसवलं. नेताना प्रत्येक खेपेला मॅडम काहीतरी पुटपुटत होत्या. ते 'ध'ने सुरू होत होतं की 'द'ने, हे टिल्लूला कळलं नाही.

परतीची वाट सुरू झाली. टिल्लूला परीक्षेचं वाईट वाटत होतं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "सोमवारी ती चाळीस रेकॉर्डिंग पुन्हा ऐक."

"नाही, मॅडम," टिल्लू म्हणाली. तिचं तिलाच दचकायला झालं. "कान बरा झाल्याशिवाय नाही ऐकणार. खोटं लिहिलं जाईल."

मॅडमनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. आता नाव काढतात, टिल्लूला वाटलं. सातवं कलम.

"मशीन मी आधी तपासलंच नाही," मॅडम समोर बघत म्हणाल्या. "बुधवारी तुझा कागद हातात घेऊन मी ती रेकॉर्डिंग ऐकली. मला तर सगळीकडे 'ध' ऐकू येत होता. स्वच्छ. मी इतकी वर्षं वर्गात काय शिकवते? ओळखीचा शब्द असला की म्हातारा कान गळलेला आवाज मनानेच भरून घेतो. मला वाटलं, तरुण पोरीला 'द' ऐकू येतोय तर तोच खरा. माझे कान गेले. मी भरून घेतेय." त्यांनी डोक्याचं फडकं सोडून मांडीवर ठेवलं. "उजव्या कानाने वर्षभर मला कमीच येतं गं. कुणाला सांगितलं नाही. म्हणून तर मी हळू बोलते, म्हणजे समोरचा जवळ येऊन बसतो. कानांसाठी कुणाला बोलवायची छाती झाली नाही, म्हणून मशीनसाठी दुरुस्तीवाला बोलावला."

आपल्या एका मान डोलावण्याने या बाई तीन दिवस मनातल्या मनात निवृत्त होत होत्या, आणि आपण खाली लाल शाईने रेघा मारल्या होत्या. टिल्लूला इतकी लाज वाटली की तिने मॅडमचा रंगाने माखलेला हात सरळ हातात घेतला. असं करायची रीत नव्हती, पण मॅडमनी तो सोडवून घेतला नाही.

"तुम्हाला बरोबर ऐकू आलं होतं, मॅडम. चाळीसच्या चाळीस 'ध' असणार."

"या वेळी आलं," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी गाडी सुरू केली, पण विद्यापीठाच्या वाटेला नाही आणि घराच्याही नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची पाटी होती. शनिवारी एकपर्यंत उघडं. आत भिंतीला खुर्च्या, वजनाचा काटा आणि काउंटरमागे जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई. तिने समोर उभ्या दोघींना वरपासून खालपर्यंत बघितलं. एक विस्कटलेल्या केसांची उंच मुलगी, एक पिवळ्या नाकाची बाई.

"पेशंट कोण?" तिने विचारलं.

"ही," मॅडमनी ताबडतोब सांगितलं.

बाईने टिल्लूचं नाव लिहून घेतलं, वय लिहिलं, चिठ्ठी फाडून पुढे केली. टिल्लूने ती घेतली आणि बाजूला झाली नाही. मॅडमकडे बघितलंही नाही. नुसती काउंटरपाशी उभी राहिली.

"आणखी काही?" बाईने विचारलं.

मॅडम काहीतरी बोलल्या, नेहमीसारखं अगदी हळू.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं," बाई म्हणाली.

"आणि मी," मॅडम मोठ्याने म्हणाल्या.